मुकिंदाची गोफण

बातमी आली तो साधा मंगळवार होता. कातरवाडीत मुकिंदा नावाचा एक भोळा माणूस राहत होता आणि त्या वेळी तो गोठ्यात म्हशीला पेंड घालत होता. फोन त्यानेच घेतला. पलीकडच्या माणसाने सांगितलं, की तालुक्याला बियाणं आणायला आलेला त्याचा थोरला भाऊ जयवंता दुकानाच्या पायरीवर टेकला आणि बसल्या जागीच गेला. "घरात एकदम सांगू नका," तो माणूस म्हणाला. "थोडं थोडं सांगा."

मुकिंदाने सांगितलेलं कधी मोडलं नव्हतं. तो पडवीत आला. इंदुवहिनी ज्वारी निवडत होत्या. "वहिनी, दादा," एवढं तो म्हणाला आणि परत गोठ्यात गेला. म्हशीला पाणी दाखवलं. अर्ध्या तासाने येऊन तो "तालुक्याला" म्हणाला. पण वहिनींना पहिल्याच शब्दाला सगळं कळलं होतं आणि त्या तालुक्याला निघूनही गेल्या होत्या. उरलेलं मुकिंदाने रिकाम्या पडवीत सांगितलं. सांगायचं होतं म्हणून सांगितलं.

तेराव्याला गाव जमलं. म्हातारी माणसं त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "आता दादाची जागा तूच चालव, बाबा." मुकिंदा उठला, चपला घातल्या, दूध डेअरीच्या माडीवर गेला आणि दादाच्या खुर्चीवर बसला.

त्या माडीवर एका बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासची दहा यंत्रं होती. त्यांवर कातरवाडी दर रविवारी चार वाजता 'लोखंडी रान' नावाचा लढाईचा खेळ खेळायची. इंटरनेटवरून. यंदाच्या हंगामात गाठ खडकवाडीशी होती. दहा जणांचा संघ. सहा रणगाडे, तीन विमानं आणि विमानं पाडायची एक गाडी. त्या गाडीला कातरवाडीत गोफण म्हणत, कारण ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं हाकायची तसंच ते काम. रणगाडा सगळ्यांना हवा असायचा. गोफण कुणालाच नको असायची. सामनाभर वर बघत राहायचं, मान अवघडून घ्यायची, आणि शेवटी रणगाडेवाल्यांनी पेढे खाताना विचारायचं, की तू पण होतास का रे?

जयवंताने ती नऊ वर्षं चालवली. पंचक्रोशीच्या यादीत सगळ्यांत वर त्याचं नाव होतं. जयवंत तुकाराम भोईटे, विमानं दोनशे अकरा.

मुकिंदाला त्या खुर्चीवरून उठवावं असं बऱ्याच जणांच्या मनात आलं. पण तेराव्याच्या दिवशी भावाच्या खुर्चीवरून भावाला उठवायला तोंड कुणाला होतं? संघाचे कप्तान हवालदार ढमाले म्हणाले, "बसू दे. पाखरं हाकण्यात त्याचा हात धरणारा दहा गावांत नाही." हवालदारांनी फौजेत एकवीस वर्षं शिध्याचं कोठार सांभाळलं होतं. त्यामुळे युद्धातलं काहीही गाव त्यांनाच विचारत असे.

त्याच आठवड्यात वहिनी तहसील कचेरीत जाऊन रेशनकार्डावरचं जयवंताचं नाव कमी करून आल्या. सातबारा सासऱ्यांच्या नावे होता. विजेचं बिल आजेसासऱ्यांच्या नावे यायचं. नवऱ्याचं नाव ठसठशीत लिहिलेलं असं एकच ठिकाण आता उरलं होतं, आणि ते डेअरीच्या माडीवर होतं. त्या यादीलाही नियम होता. सलग पाच सामन्यांत ज्याच्या नावावर एकही विमान लागत नाही, त्याचं नाव यंत्र आपोआप काढून टाकतं. मुकिंदा दादाच्याच नावाने खेळणार होता.

"भावजी, पाच रविवारांत एक विमान पाडा," वहिनी म्हणाल्या. "एकच. जास्त नको."

"जास्त नको," मुकिंदाने घोकून ठेवलं.

पहिला रविवार उजाडला. चार वाजता सामना सुरू झाला. खडकवाडीची तीन विमानं डोंगरावरून आली. मुकिंदाने गोफण फिरवली, विमानाच्या नाकापुढे चार हात अंतर ठेवून गोळ्या झाडल्या आणि माडी दणाणून जाईल असं ओरडला, "हाऽऽ, हुर्रऽऽ." विमानं वळून गेली. परत आली. परत त्याने हाकली. सामना संपेपर्यंत एकाही विमानाला गोळीचा ओरखडा उठला नाही.

"पाडलं का नाहीस?" हवालदारांनी विचारलं.

"गेली की."

"गेली, पण पाडायची होती."

"काका, पाखरू मारतात होय? पाप लागतं. हाकायचं असतं. आणि आपलं खाल्लं काय त्यांनी?"

"त्यांनी आपले चार रणगाडे खाल्ले."

मुकिंदाने खाली पाहिलं. चार रणगाडे जळत होते. तो सामनाभर वर बघत होता, त्यामुळे हे त्याला नवीन होतं.

"हे बघ," हवालदार म्हणाले, "राखण वेगळी, लढाई वेगळी. हाकायचं नाही. उडताना दिसेल ते पाडायचं. दया-माया नाही."

"दिसेल ते पाडायचं," मुकिंदा म्हणाला.

आता हा खेळ काढणारी जी कंपनी होती, ती दर गुरुवारी एक पत्रक काढायची. गाड्या-गाड्यांमध्ये तोल राहावा म्हणून कुणाची ताकद कमी करायची, कुणाची वाढवायची, ते त्यात लिहिलेलं असायचं. कंपनीची माणसं खेळ बघत नसत. त्यांना वेळ नसायचा. ती आकडे बघत. त्या गुरुवारी त्यांनी लिहिलं: 'यादीतील पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूलाही पूर्ण सामन्यात एकही विमान पाडता आले नाही. यावरून गोफण दुबळी असल्याचे सिद्ध होते.' गोफणीची ताकद दुप्पट झाली.

दुसऱ्या रविवारी सामना सुरू झाला, तेव्हा सगळ्यांत आधी जी विमानं दिसली ती कातरवाडीची होती. ती मुकिंदाच्या मागूनच उठली. दुप्पट ताकदीच्या गोफणीने तिन्ही पटापट खाली आली. खेळात विमान पडलं की थोड्या वेळाने दुसरं मिळतं. तिघांनी दुसरी घेतली. तीही पडली. तिसऱ्या खेपेचीही पडली. ही विमानं चालवणारे तिघं मुकिंदाच्या शेजारच्याच तीन खुर्च्यांवर बसले होते.

"मुकिंदा, अरे मी आहे, मी," पहिला म्हणाला.

"दिसलास की," मुकिंदा म्हणाला आणि त्याला चौथ्यांदा शोधू लागला.

"मग मारतोस कशाला?"

"दिसलास म्हणूनच."

खडकवाडीचे लोक त्यांच्या स्पीकरवरून टाळ्या वाजवत होते. आपलीच विमानं पाडलेली यादीत धरत नाहीत. जयवंताच्या नावावर त्या दिवशीही काही लागलं नाही.

हवालदारांनी डोक्याला हात लावला. मग तो काढला, कारण शिकवताना हात मोकळा लागतो. "विमानावर नाव लिहिलेलं असतं," ते म्हणाले. "आधी नाव वाचायचं. आपला माणूस आहे का परका आहे ते बघायचं. आपल्या माणसाला हात लावायचा नाही."

"आपल्या माणसाला हात लावायचा नाही," मुकिंदा म्हणाला. हे त्याला मनापासून पटलं.

गुरुवारी पत्रक आलं. 'एका गोफणीने एका सामन्यात नऊ विमाने पाडली. गोफण डोईजड झाली आहे.' विमानं कुणाची होती ते आकड्यात लिहिलेलं नसतं. गोफणीची ताकद पार चार आण्यांवर आणली.

तिसऱ्या रविवारी वहिनींनी त्याला गूळ-पोळी बांधून दिली. मुकिंदा खुर्चीवर बसला आणि एकेक विमान येईल तसं त्याचं नाव वाचू लागला. तो तिसरीत असताना वाचायचा तसाच. अक्षरावर बोट ठेवून. दोन विमानं नाव वाचून होण्याआधीच निघून गेली. तिसरं मात्र घिरट्या घालत राहिलं, कारण ते दुबळ्या गोफणीला आता भीत नव्हतं. मुकिंदाला पूर्ण वाचता आलं. "रं-ग-ना-थ ख-ड-के."

तो खुर्चीतून उठला. त्याने टोपी नीट केली. स्पीकरजवळ तोंड नेऊन म्हणाला, "दाजी, कधी आलात?"

रंगनाथ खडके म्हणजे मुकिंदाची चुलतबहीण सिंधू हिचा नवरा. कातरवाडीचा जावई. जयवंताने त्याला नऊ वर्षांत एकतीस वेळा पाडलं होतं. तो दिवाळीला यायचा, पाटावर बसायचा आणि ताटातलं संपेपर्यंत त्याबद्दल कुरकुर करायचा.

"आत्ताच आलो," स्पीकरमधून रंगनाथ म्हणाला आणि त्याने एक बॉम्ब टाकला.

"सिंधूताई बऱ्या आहेत?"

"बऱ्या आहेत." दुसरा बॉम्ब पडला.

"मुकिंदा," हवालदार ओरडले, "तो माझ्या डोक्यावर बॉम्ब टाकतोय."

"काका, जावई आहेत. त्यांना अडवायचं कसं?"

"मार त्याला."

"दारात आलेल्या जावयाला?"

सहा रणगाडेवाल्यांपैकी दोघं म्हणाले, की तसं पाहिलं तर बरोबर आहे त्याचं. तेवढ्यात त्या दोघांचे रणगाडे उडाले आणि त्यांचं मत बदललं. मुकिंदा दाजींना जेवून जायचा आग्रह करत राहिला. दाजी निवांत सगळे बॉम्ब संपवून गेले.

सामना हरल्यावर हवालदार बराच वेळ पाणी पीत होते. मग म्हणाले, "लढाईत दाजी नसतो. मेहुणा नसतो. ओळख काढत बसायचं नाही. तू वाचत बसतोस तोवर दुसरे मारून मोकळे होतात. त्यांच्या आधी तू मारायचं. सगळ्यांच्या आधी."

"सगळ्यांच्या आधी," मुकिंदा म्हणाला.

पत्रकात या वेळी कंपनीने माफी मागितली होती. 'अव्वल खेळाडूस पुन्हा शून्य. गोफणीवर अन्याय झाला आहे.' ताकद आठपट केली. गोळी लांबून गेली तरी विमान पडेल, अशी सोय केली.

हे वाचल्यावर जे व्हायचं तेच झालं. ज्या गोफणीकडे नऊ वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, ती आता प्रत्येकाला हवी झाली. चौथ्या रविवारी कातरवाडीच्या दहा जणांनी दहा गोफणी घेतल्या. हवालदारांनी स्वतःचा रणगाडा सोडला, गोफण घेतली आणि ती आपल्याला पहिल्यापासून आवडायची असं सांगितलं. खडकवाडीकडून नऊ गोफणी आल्या. एकोणीस गाड्या एकाच माळावर एकमेकींना खेटून उभ्या होत्या आणि सगळ्या वर बघत होत्या. विमान एकच होतं. रंगनाथला दुसरं काही चालवता येत नव्हतं.

घंटा झाली, तसा मुकिंदाने रिकाम्या आभाळात गोळ्या झाडायला सुरुवात केली.

"अरे, अजून विमान उठलंसुद्धा नाही," शेजारचा म्हणाला.

"म्हणूनच तर. उठल्यावर सगळेच मारतील."

गोफणीत सहाशे गोळ्या होत्या. त्या दोन मिनिटांत संपल्या. तिसऱ्या मिनिटाला रंगनाथचं विमान डोंगराआडून वर आलं आणि नेमकं मुकिंदाच्या डोक्यावर आलं. मुकिंदाने बटण दाबलं. नुसता खट्‌ आवाज झाला. बाकीच्या नऊ गोफणी धडधडल्या. विमान पडलं आणि ते हवालदारांच्या नावावर लागलं. त्यांचं ते आयुष्यातलं पहिलं विमान. त्यांनी चेहरा गंभीर ठेवायचा खूप प्रयत्न केला. मग घरी फोन करून सांगितलं.

खाली दूध घालायला आलेल्या वहिनींना ते जिन्यात भेटले. वहिनींनी विचारलं, "लागलं का एखादं?"

"लागलं," हवालदार म्हणाले आणि मग कुणाच्या नावावर ते सांगताना त्यांनी दुसरीकडे पाहिलं.

वहिनींनी बरणी उचलली. एक पायरी उतरून त्या थांबल्या. "आता एकच रविवार राहिला," त्या म्हणाल्या. "भावजींना नीट समजावून सांगा, हवालदार. तुमचं ऐकतात ते."

हवालदारांना वाईट वाटलं. त्यांनी मुकिंदाला समोर बसवलं आणि शांतपणे, एकेक शब्द सुटा करून समजावलं. "सहाशे गोळ्या तू हवेत घालवल्यास. जयवंता एक गोळी वाया घालवत नव्हता. फुकट झाडायची नाही. गोळीची गरज असेल तिथंच गोळी. नसेल तिथं नाही. कळलं?"

"गरज नसेल तिथं गोळी झाडायची नाही," मुकिंदा म्हणाला.

"शहाणा आहेस," हवालदार म्हणाले. हे त्याला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. मुकिंदाने ते वाक्य चार दिवस मनात जपून ठेवलं.

गुरुवारच्या पत्रकात कंपनीने अभिनंदन करून घेतलं होतं. स्वतःचंच. 'अनेक आठवड्यांच्या अभ्यासानंतर गोफण आणि विमान यांच्यात आता पूर्ण तोल साधला आहे. यापुढे बदल करण्याची गरज नाही.' म्हणजे गोफण पहिल्या रविवारी जशी होती तशी करून ठेवली. माणसं आपापल्या रणगाड्यांत परत गेली. हवालदार सगळ्यांत आधी गेले.

पाचव्या रविवारी वहिनी माडीवर आल्या. त्या खोलीत त्या पहिल्यांदाच येत होत्या. मुकिंदाच्या मागे एक स्टूल होतं, त्यावर बसल्या. समोरच्या भिंतीवर यादी लावलेली होती. त्यांनी ती वाचली नाही. नुसती तिकडे तोंड करून बसल्या.

पंधरा मिनिटं सामना चालला. मुकिंदाने गोफण एका झाडाखाली उभी केली होती आणि तो अगदी स्थिर बसला होता. खडकवाडीची दोन विमानं रणगाड्यांशी झटापट करून पडली. ती कुणी पाडली ते महत्त्वाचं नाही. मुकिंदाने पाडली नाहीत. ती लांब होती.

शेवटची चार मिनिटं राहिली, तेव्हा रंगनाथचं विमान लढाई सोडून एकटंच गोफणीच्या दिशेला आलं. सिंधूने घरी त्याला यादीचं सांगितलं होतं. त्याने आपल्या कप्तानाला काही सांगितलं नव्हतं. विमान खाली आलं. अजून खाली आलं. चाकं बाहेर काढली आणि वेग इतका कमी केला, की ते टांगून ठेवल्यासारखं दिसू लागलं. मग त्याने मुकिंदाच्या डोक्यावर गोल फिरायला सुरुवात केली.

"रंग्या, काय चाललंय तुझं?" खडकवाडीच्या कप्तानाचा आवाज स्पीकरमधून आला.

"रस्ता चुकलो," रंगनाथ म्हणाला. मग आवाज खाली आणून, "मुकिंदराव, मी आहे. घ्या."

मुकिंदाने नळी वर केली. विमान बरोबर निशाण्यावर होतं. माडीवरचे सगळे आपापला खेळ सोडून त्याच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. कातरवाडीचे सहा रणगाडे रानात विनाचालक उभे होते.

"मार," हवालदार हळूच म्हणाले.

"लढाईत दाजी नसतो," मुकिंदा म्हणाला.

"शाबास. मग मार."

मुकिंदाने बटणावर बोट ठेवलं. वहिनी स्टुलावरून उठल्या होत्या.

विमानाने दुसरा फेरा घातला. तिसरा घातला. मुकिंदा डोळे बारीक करून बघत होता. तिकडे इतका वेळ असं संथ फिरणं विमानाला झेपत नव्हतं. त्याच्या शेपटातून काळा धूर येऊ लागला.

"मुकिंदराव, लवकर करा," रंगनाथ म्हणाला. "पेट्रोल संपत आलंय. मी आता पडणारच आहे."

"नक्की?" मुकिंदाने विचारलं.

"अगदी नक्की. अर्ध्या मिनिटात पडतो बघा. त्याच्या आधी मारा."

मुकिंदाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. त्याने बटणावरचं बोट काढलं आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

"अरे दाब," हवालदार म्हणाले. मग सगळेच म्हणाले. कुणीतरी त्याच्या खांद्यावरून बटणाकडे हात घातला, पण मुकिंदाने यंत्र पोटाशी धरलं. ज्वारीची राखण करणारा माणूस, पकडीला घट्ट होता. विमान एकदा थरथरलं, डावीकडे कललं आणि गोफणीपासून वीस पावलांवर नाकावर आपटलं. आपणहून पडलेलं विमान कुणाच्याच नावावर लागत नाही.

घंटा झाली. सामना संपला.

"भावजी," वहिनींनी विचारलं, "का नाही मारलंत?"

"पडणारच होतं की, वहिनी," मुकिंदा म्हणाला. त्याने पडद्यावरच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवलं. "हे बघा. सहाशेच्या सहाशे शिल्लक. एक वाया घालवली नाही. अगदी दादासारखं."

हवालदार खुर्चीत बसले. स्पीकरमधून रंगनाथ दोनदा "हॅलो" म्हणाला आणि मग त्यानेही तो बंद केला. वहिनी पदर सारखा करून जिना उतरल्या. संध्याकाळच्या दुधाची वेळ झाली होती.

गुरुवारी कंपनीचं पत्रक आलं. 'गोफणीने एकही गोळी न झाडता केवळ धाकाने विमान पडल्याचे आढळले. गोफण अद्याप फारच डोईजड आहे.' तिची ताकद पुन्हा निम्मी करण्यात आली. पत्रकाखाली नवी यादी होती. मुकिंदाने ती माडीवरून काढून घरी आणली आणि पडवीत बसून, अक्षरावर बोट ठेवून, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत सगळी वाचली. वाचून झाल्यावर त्याने ती उलटून मागची बाजूही पाहिली.

"वहिनी," तो म्हणाला, "यात दादाचं नाव लिहायचं राहिलंय."